गोळीविना वर्षाचे धान्य

चौदा एप्रिलची गडबड सरली, पाहुणे आपापल्या गावी परतले, की आपल्या वस्त्यांमधून धान्य भरण्याची बोलणी सुरू होतात. रब्बीची ज्वारी तोवर बाजारात आलेली असते, नवा गहू आलेला असतो, तूर तर त्याआधीच निघालेली असते. कोणी पैठण, गंगापूर, फुलंब्रीकडच्या नातलगांना निरोप धाडतो, कोणी जाधववाडीच्या मोंढ्यात भाव विचारून येतो, कोणी जाफरगेटच्या रविवारच्या बाजारातून जमेल तसे थोडे थोडे आणतो. वाळूजला कंत्राटावर जाणारा माणूस असो की चार घरची धुणीभांडी करणारी भगिनी असो, भिशी लागण्याची वाट याच महिन्यात पाहिली जाते. एकदम घेतले तर किलोमागे काही रुपये वाचतात आणि पावसाळ्यात हाताला काम नसले तरी घरात भाकरी असते, हा त्यामागचा हिशोब. तो रास्तच आहे.

हिशोब बिघडतो तो पुढे. श्रावणात कोठीचे झाकण काढावे तर आत पिठासारखी भुकटी, पोकळ दाणे आणि हातावर चढणारे सोंडे. निम्मी ज्वारी पाखडण्यात जाते. घाम गाळून घेतलेले धान्य किड्यांनी खाल्लेले पाहून जीव तुटतो. मग पुढच्या वर्षी बाई दुकानात जाऊन म्हणते, ‘किडे होऊ नयेत असं काहीतरी द्या.’ आणि गल्लीतला एखादा दुकानदार काही न सांगता, काही न विचारता कागदात गुंडाळलेली एक राखाडी गोळी तिच्या हातावर ठेवतो. स्वस्तात काम झाले म्हणून ती गोळी फडक्यात बांधून धान्यात खोचली जाते. आज आम्ही लिहायला बसलो आहोत ते या गोळीमुळे.

लोक तिला सल्फास म्हणतात. आत असते ते अॅल्युमिनियम फॉस्फाईड. एक गोळी तीन ग्रॅमची. तिला हवेतला दमटपणा लागला की ती हळूहळू फुटू लागते आणि तिच्यातून फॉस्फीन नावाचा वायू निघतो, एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम. किडे मरतात ते या वायूने. पण वायूला सोंडा आणि माणूस यांतला भेद कळत नाही. फडके त्याला अडवत नाही, कोठीच्या झाकणाची फट अडवत नाही, दोन खोल्यांमधली पत्र्याची भिंतही अडवत नाही. तो हवेपेक्षा किंचित जड असतो. आता आपल्या घरांचा विचार करा. दहा बाय बाराची खोली, दिवाणाला लागून कोठी, दिवाणावर म्हातारी आणि खाली सतरंजीवर लेकरे. पावसाची रात्र म्हणून खिडकी बंद. अशा खोलीत ती गोळी रात्रभर आपले काम करत राहते. झोपेतल्या कुटुंबाला उलट्या सुरू झाल्या आणि सकाळी लेकरू उठले नाही, अशा बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून वर्तमानपत्रांत येतच असतात. लहान मुलांना हा वायू सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त बाधतो.

काही भगिनी म्हणतात, वास आला तर कळेलच की. हा भरवसा धरू नये. या वायूला सडलेल्या मासळीसारखा किंवा लसणासारखा वास येतो हे खरे, पण तो त्यात मिसळलेल्या इतर द्रव्यांचा वास असतो. शुद्ध वायूला वास नाही. वास येत नाही म्हणून वायू नाही असे मानणे जिवावर बेतू शकते. शिवाय त्रास सुरू होतो तोही फसवा. ओकारी, पोटात कळ, डोके दुखणे, गरगरणे, छातीवर दडपण, धाप. घरच्यांना वाटते रात्रीचे जेवण बाधले. मग लिंबूपाणी, ओवा, थोडे पडून राहा, आणि तेही त्याच खोलीत! मोलाचा वेळ असा जातो.

म्हणून ज्या घरात गोळी ठेवली आहे तेथे एकाहून अधिक माणसांना असा त्रास होऊ लागला तर दुसरा विचार न करता सर्वांनी आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे, लेकरांना उचलून आणावे, शेजारच्या खोलीतल्यांनाही उठवावे. गोळी शोधायला परत आत जाऊ नये. तिच्यावर पाणी तर मुळीच टाकू नये, कारण पाण्याने वायू एकदम आणि जोरात सुटतो. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने घाटी गाठावी आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे की घरात धान्याची गोळी होती. या विषावर नेमका असा उतारा नाही. डॉक्टर श्वास, रक्तदाब आणि हृदय सांभाळतात. त्यांना कारण जितके लवकर कळेल तितके ते अधिक करू शकतील. लाजेने किंवा पोलिसांच्या भीतीने हे लपवू नये.

मग दुकानात ती मिळते कशी? मिळायला नको, हेच उत्तर आहे. १९६८च्या कीटकनाशक कायद्याखालील निर्बंधांनुसार ही गोळी सरकारी खाती, सरकारी उपक्रम आणि परवानाधारक धुरीकरण करणारे यांनाच विकता येते आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच वापरता येते. किराणा दुकानाच्या फळीवर तिला जागा नाही. याआधी काचेच्या कुपीतले ईडीबी नावाचे औषध घरोघरी कोठीत फोडून टाकीत. वयस्क भगिनींना ते आठवत असेल. त्यावर २००१ साली देशात बंदी आली. ढेकणांसाठी म्हणून गादीखाली सल्फास ठेवणारेही आम्ही ऐकले आहेत. त्याविषयी वेगळे काय लिहावे?

‘रेशनच्या गव्हालाही गोदामात गोळी लावतातच की,’ असाही एक सवाल येतो. लावतात. पण तेथे पोत्यांच्या थप्पीवर जाड आच्छादन टाकून कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबतात, ठरावीक दिवस ती तशीच बंद ठेवतात, मग उघडून हवा खेळू देतात. हे काम शिकलेली माणसे करतात. आणि मुख्य म्हणजे त्या थप्पीशेजारी कोणी अंथरूण टाकून झोपत नाही. वायू निघून गेल्यावर ते धान्य खायला योग्य असते. गोदामातली गोष्ट घरात आणली की तिचा जीवघेणा खेळ होतो.

बंद धान्याच्या हवेची भीती आपल्या वाडवडिलांना नवीन नव्हती. मराठवाड्यात, सोलापूरकडे ज्वारी जमिनीखालच्या पेवात ठेवीत. पेवे होती ती जमीनवाल्यांची. आपल्याकडे खळ्यावरच्या बलुत्याची ज्वारी यायची, तिला गाडगी-मडकी पुरत. पण पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, तोंड उघडे टाकून हवा खेळू द्यायची, हे गावात सगळ्यांनाच ठाऊक होते, कारण न थांबता उतरलेला माणूस गुदमरून आतच राही. पेवात औषध नसे. नुसत्या धान्याने आणि त्यातल्या किड्यांनी आतला प्राणवायू संपवलेला असे, आणि त्यामुळेच पेवातली ज्वारी टिके. हवाबंद ठेवण्याचे हे तत्त्व घरच्या कोठीलाही लागू पडते. तेवढे साधले तर गोळीची गरज राहत नाही.

किडा येतो कुठून? पुष्कळांची समजूत अशी की तो धान्यातच ‘पडतो’. तसे नाही. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. वरून दाणा साबूत दिसतो. अळी आत वाढते, गर खाते आणि महिना-सव्वा महिन्याने पूर्ण किडा होऊन बाहेर पडते. एक मादी आपल्या आयुष्यात तीनशेच्या आसपास अंडी घालू शकते. जून ते सप्टेंबर एवढ्या काळात काय होईल याचा हिशोब वाचकांनीच करावा. कडधान्याचा भुंगा तर शेतातल्या शेंगेपासूनच सोबत येतो. तूर, मूग, चवळी घेताना मूठभर दाणे उजेडात धरून पाहावेत. दाण्यावर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती त्याची अंडी समजावीत आणि तो माल दुकानातच सोडावा. काही किडे मात्र आपण स्वतःच पाळलेले असतात. गेल्या वर्षीच्या कोठीच्या तळाशी, पत्र्याच्या दुमडीत, रिकाम्या बारदानाच्या शिवणीत ते वाट पाहत बसलेले असतात.

तेव्हा पहिले काम कोठीचे. ती पूर्ण रिकामी करून घासावी, दुमडीतली भुकटी काडीने काढावी आणि दोन दिवस उन्हात उलटी ठेवावी. निघालेली घाण अंगणात न टाकता जाळावी. बारदान उकळत्या पाण्यातून काढून कडक वाळवावे.

दुसरे काम उन्हाचे, आणि येथे निसर्गाने आपल्याला भरभरून दिले आहे. वैशाखात आपल्या शहराचा पारा चाळिशीच्या पुढे जातो. एरवी त्या उन्हाला आपण बोल लावतो, पण धान्याला त्याच्यासारखे औषध नाही. बुद्धपौर्णिमेच्या आगेमागे तीन कडक उन्हे द्यावीत. थर दोन बोटांहून जाड नको, मधून मधून हात फिरवावा. पत्र्याच्या खोल्यांना गच्ची नसते हे आम्ही जाणतो; पण गल्लीत एखादी गच्ची असतेच, आणि चार घरांनी वार वाटून घेतले तर राखणही आपोआप होते. डांबरी रस्त्याच्या कडेला मात्र वाळवू नये.

वाळले की नाही हे कसे पाहावे? दाणा दाताखाली धरावा. कट् असा आवाज होऊन तुटला तर बरा, चेपला तर ओला. आणखी एक सोपी परीक्षा आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे कोरडे मीठ आणि त्याच्या दुप्पट धान्य घालून झाकण लावावे, चांगले हलवावे आणि थोडा वेळ ठेवून पाहावे. मीठ काचेला चिकटले तर धान्य अजून फारच ओले आहे. नाही चिकटले तरी एक ऊन जास्तच द्यावे. शंभर किलो ज्वारीत दहा-बारा किलोहून अधिक पाण्याचा अंश नसावा, असे जाणकार सांगतात. त्याखाली किडा वाढायला कुचराई करतो आणि बुरशी तर धरतच नाही.

येथे एक खबरदारी. संध्याकाळी गरम धान्य तसेच कोठीत भरू नये. रात्रभर घरात सावलीत निवू द्यावे आणि सकाळी भरावे. गरम भरले तर आत वाफ धरते, झाकणाच्या आतून पाणी सुटते आणि वरचा थर बुरसटतो. बुरसटलेला, कुबट वासाचा दाणा धुऊन वापरण्याच्या फंदात पडू नये. बुरशीचे विष धुण्याने जात नाही. तांदळाला मात्र कडक ऊन देऊ नये, त्याचा दाणा तडकतो आणि कण्या होतात.

अख्ख्या कडधान्यासाठी एक निराळी युक्ती आहे. आधी चांगली वाळवलेली तूर किंवा चवळी काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरावी, वरून पारदर्शक प्लास्टिक टाकावे, कडा दगडांनी दाबाव्यात. दुपारच्या उन्हात दोन तासांत आतली उष्णता साठ अंशांच्या आसपास जाते आणि भुंग्याची अंडी, अळ्या आतल्या आत मरतात. पेरणीच्या बियाण्याला हे करू नये, उगवण जाते. आणि तुरीची तर डाळच करून ठेवावी हे उत्तम. भुंग्याला अंडी घालायला साल असलेला अख्खा दाणा लागतो. डाळीत तो सहसा फिरकत नाही. आपल्या आज्या उन्हाळ्यातच जात्यावर डाळ भरडून घेत, त्यात किती शहाणपण होते पाहा.

कोठी जमिनीला आणि भिंतीला टेकवू नये. खाली चार विटा आणि फळी, भिंतीपासून वीतभर अंतर. सिमेंटची जमीन पावसाळ्यात ओल सोडते, ती खालून चढते. पाण्याचा ड्रम शेजारी असेल तर तो हलवावा. आणि ड्रमचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पाणी साठवण्याची सवय लागलेल्या या शहरात जुने निळे ड्रम स्वस्तात मिळतात. आधी त्यांत काय होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. रसायनाचा ड्रम कितीही धुतला तरी धान्याला वापरू नये, आणि खरे तर पाण्यालाही नको. कोठी काठोकाठ भरावी म्हणजे आत हवा कमी राहते. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घालून सांध्यावर चिकटपट्टी लावावी. एकदा लावली की रोज उघडायची नाही. महिन्याचे धान्य वेगळ्या डब्यात काढून घ्यावे आणि रोजचे त्यातून वापरावे.

जुन्या उपायांपैकी काही खरेच कामाचे आहेत. डाळीला किलोमागे एक लहान चमचा एरंडेल किंवा गोडे तेल चोळावे; तेलाने अंड्यांचा श्वास कोंडतो. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून घातला तर थोडा उपयोग होतो, ओला घातला तर उलट ओल वाढते. बिब्बे घालणाऱ्यांनी ते मोजून घालावेत आणि मोजून काढावेत, कारण बिब्बा अंगावर उततो. बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्या यांच्या वाटेला जाऊ नये. जे विष रोजच्या भातातून, भाकरीतून पोटात जाण्याची भीती, ते हवेच कशाला?

अख्खा दाणा टिकतो, पीठ टिकत नाही, हेही लक्षात ठेवावे. बाजरीचे पीठ चार-आठ दिवसांत कडसर होते, कारण दळताना आतला तेलकट अंश हवेला उघडा पडतो. गिरणीत दर आठवड्याला लागेल तेवढेच दळावे. चहा-कॉफीचेही तेच. आपल्या महाराष्ट्रात चिखलदऱ्याला कॉफी पिकते. तिकडे सहलीला गेलेले कोणी भाजलेल्या बिया घेऊन आले तर त्या अख्ख्याच घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. काही आठवडे वास धरून राहतात. दळल्या की काही दिवसांत तो उडतो. चहाची पत्ती मसाल्याच्या फळीवर ठेवणाऱ्यांना हिंगाचा चहा मिळतो, तो ज्याला आवडत असेल त्याने खुशाल तसे करावे!

आता किती भरावे, यावर आमचे मत स्पष्ट आहे. दोन-तीन खोल्यांचे, कोरडे घर असेल त्यांनी वर्षाचे भरावे. एका खोलीत राहणाऱ्यांनी पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरतेच भरावे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळते, तेव्हा गहू-तांदूळ कोठीत कोंडण्याचे कारण नाही. राहिली ज्वारी. रोज एक किलो पीठ लागणाऱ्या घरालाही चार महिन्यांना सव्वाशे किलो पुरते. दिवाळीच्या सुमारास पुन्हा थोडी घ्यावी, मग नवी येतेच. भाव थोडा जास्त पडेल, पण किड्यांना घातलेल्या ज्वारीचा भाव त्याहून जास्त असतो.

इतके करूनही भादव्यात किडा दिसला तर घाबरून दुकानाकडे धावू नये. महिन्याच्या डब्यात दिसला तर तेवढेच धान्य चाळून, पाखडून आधी संपवावे. कोठीत दिसला तर उघडीप मिळेल त्या दिवशी सगळे बाहेर काढावे, चाळावे, ऊन द्यावे, कोठी पुन्हा घासावी आणि मगच भरावे. चाळलेली भुकटी उकळत्या पाण्यात टाकावी, नाहीतर ते किडे संध्याकाळपर्यंत घरी परततात. डाळ-कडधान्य दोन-चार किलोच असेल आणि घरात फ्रीज असेल तर पिशवीत बांधून बर्फाच्या खणात चार दिवस ठेवावे, आतली अंडीही मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर ती पूर्ण निवळून घरातल्या हवेइतकी होईपर्यंत उघडू नये, नाहीतर दाण्यांवर पाणी धरते. फ्रीज नसेल तर डाळ कढईत मंद आचेवर नुसती गरम होईतो परतून घ्यावी. आणि मोंढ्यातून आणलेल्या पोत्यात धान्य ओतताना एखादी पुरचुंडी किंवा राखाडी भुकटीचा कागद हाती लागला तर लेकरांना दूर करावे, पोते मोकळ्या अंगणात उघडे ठेवावे आणि ज्याच्याकडून आणले त्याला ते दाखवून माल परत करावा.